पेडणेकरणीचं गाऱ्हाणं

गुणा, तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली. तू होतास तेव्हाच सांगायला हवी होती, हे मला कळतं. पण तू होतास तेव्हा दुसऱ्याला बोलू कुठे द्यायचास? आता तुझं तेरावं होऊन आठवडा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मुख्य म्हणजे तुला मध्येच तोंड घालता येत नाही. तेव्हा एकदाच, माझं पूर्ण ऐकून घे.

गोष्ट तुझ्या खेळण्यातल्या आगगाडीची आहे. 'खेळण्यातली' म्हटलं की तू चवताळायचास. "मास्तर, खेळणा न्हय ता. खेळणा मोडला की टाकतत. ह्या मोडला की दुरुस्त करतत." बरं बाबा, खेळणं नव्हे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीने तुझ्याकडे आलो. तीन घरं सोडून तर राहतो, पाय आपोआप वळतात. बघतो तर सुलूवहिनी नारळाच्या खोलीच्या दारात झाडू घेऊन उभ्या. आत तुझी ती प्लायवुडची भलीमोठी फळी, त्यावर रूळ, बोगदा, काडेपेट्यांची घरं, आणि मधोमध कापडाखाली झाकलेलं इंजिन.

"शैला म्हणता, फळी काढून टाकूया," वहिनी म्हणाल्या. "खोलयेत भाडेकरू ठेवूया, माका सोबत होतली. रविवारी ती माणसां घेऊन येतली."

लेकीचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

"मी तिका सांगलंय," वहिनी पुढे म्हणाल्या, "त्याआधी एक दिवस सकाळची सात वाजता गाडी चालवून बघूया. चलली तर फळी ऱ्हवतली. नाय चलली तर घेऊन जा."

"सकाळी सातच का?" मी विचारलं.

"माका तिची घरघर ऐकून चाय ठेवूची सवय. दोन म्हयने झाले, सकाळची चाय येळार जाणा नाय."

मी चपला पायात सरकवून निघालो. कारण ती गाडी सकाळी सातला का चालत नाही, हे या कारापूर गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

आता पहिल्यापासून सांगतो. सुर्ल्याच्या खाणी बंद पडल्या आणि चाळीस वर्षं खनिजाच्या टिपर ट्रकखाली दुरुस्तीला उताणा पडलेला तू एकदम घरी बसलास. पहिल्या पंधरा दिवसांत तू वहिनींचा मिक्सर, इस्त्री, शिलाईचं मशीन आणि देवघरातली समई दुरुस्त केलीस. त्यातला मिक्सर सोडला तर काहीच बिघडलेलं नव्हतं. समईत काय दुरुस्त केलंस हे मला आजही कळलेलं नाही, पण तेव्हापासून ती एका अंगाला कलते. शेवटी वहिनींनीच तुझ्या आगबोटीवरच्या भाच्याला फोन केला, की येताना मामासाठी काहीतरी बिघडणारं घेऊन ये. तो कुठल्याशा थंड देशातून खोका घेऊन आला. वीतभर लांबीचं हिरवं इंजिन, चार डबे, रुळांचे तुकडे, आणि वीज कमी-जास्त करायला पंख्याच्या रेग्युलेटरसारखं बटण. तू ते इंजिन तळहातावर घेतलंस, उलटं केलंस, चाकं बोटाने फिरवलीस आणि म्हणालास, "हेचो बॉनेट खंय उघडता?" त्या दिवशी मिक्सर सुटला.

तू मूळचा पेडण्याचा. पेडण्याला रेल्वेचं स्टेशन आहे आणि आमच्या डिचोली तालुक्याला नाही, ही गोष्ट तू मला गेली वीस-पंचवीस वर्षं रोज ऐकवलीस. जणू रूळ तुझ्या आजोबांनीच टाकले होते. म्हणून इंजिनाचं नाव 'पेडणेकरीण' ठेवलंस. फळीच्या एका टोकाला पेडणे स्टेशन बांधलंस, पत्र्याचं छप्पर, बाकं, घड्याळ, सगळं. मी म्हटलं, दुसऱ्या टोकाला माझ्या गावाचं, लाटंबार्शाचं स्टेशन होऊ दे. तू तिथे एक रिकामी काडेपेटी चिकटवलीस आणि त्यावर लिहिलंस, 'लाटंबार्से थांबा'.

"थांबा लिहिलंस, तर गाडी थांबव की," मी म्हणायचो.

"उतारू खंय आसत?" तू म्हणायचास. "काजूंच्या दिवसांत उर्राक पिऊक सोडून तुमच्या गावात येता कोण?"

हा वाद आपला सहा वर्षं चालला आणि तो अर्धाच राहिला. बटण तू माझ्या हातात कधी दिलं नाहीस, त्यामुळे तुझ्या हयातीत लाटंबार्शाला गाडी एकदाही थांबली नाही.

पण गाडी सुटायची ती गाऱ्हाणं घातल्याशिवाय नाही. पेडण्याच्या माणसाला नारळ फोडायचा असो की नवी स्कूटर काढायची असो, देवासमोर उभं राहून खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं पाहिजे आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हटलं पाहिजे. बाकीचे म्हणजे मी एकटा. सकाळी सात वाजता पोदेर पाव घेऊन भोंपू वाजवत जायचा, तू बटणावर हात ठेवायचास आणि सुरू व्हायचास.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वाटेच्या म्हाराजा! आज ही पेडणेकरीण रुळार उभी आसा, तिका सुखरूप फिरवून हाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या वाटेर मुंगी येत, पाल येत, सुलूचो झाडू येत, तर तो दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचो हात वाकडो पडलो आसात, कोणाकडून कळत-नकळत चूक झाली आसात, तर ती पोटात घाल आणि गाडयेक वाट दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज यायचा, "देवाक दुसरी कामां नाय वाटता." मग गाडी सुटायची, घरघर व्हायची आणि आत चहाचं आधण चढायचं.

इंजिन राखणं हे टिपर राखण्यासारखं नाही, हे तुझ्या गळी उतरवता उतरवता माझा जीव मेटाकुटीला आला. आपल्या दमट हवेत रूळ चार दिवसांत काळे पडायचे आणि गाडी झटके देत चालायची. पुस्तिकेत रूळ पुसायला कसलंसं स्पिरिट लिहिलं होतं. तू फडक्यावर फेणी घेतलीस. "रुळाक एक, माका एक." रूळ चांदीसारखे झाले, हे मान्य करतो. फक्त खोलीभर असा वास सुटला की वहिनींनी उदबत्ती लावली आणि मला विचारलं, आता इंजिनपण पिऊक लागला काय?

खरं भांडण पेटलं ते तेलावरून. पुस्तिका मी भिंग लावून, शब्दकोश घेऊन, रात्रंदिवस एक करून वाचली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की दातेरी चाकांना तेल एकच थेंब, तोही सुईच्या टोकाने. तू टिपरवाला. तुझ्या मते तेल म्हणजे डबा उपडा करायची वस्तू. "तेलाक कंजूषी केली तर मशीन सूड घेता, मास्तर. चाळीस वर्सां बघलंय मी." पहिल्या वर्षी तू इतकं तेल पाजलंस की पेडणेकरीण चालताना मागे ओघळ सोडायची आणि आपल्याच तेलावर तिची चाकं घसरायची. मी ओरडायचो, "एक थेंब, गुणा, एक थेंब!" तू म्हणायचास, "शाळेत पोरांक पण असोच एकेक थेंब शिकवलंस काय?" दोन वर्षं आपण यावर भांडलो. शेवटी एके दिवशी तू वहिनींच्या डब्यातून सुई आणलीस, तेलात बुडवलीस, डोळे बारीक करून एक थेंब घातलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "झाला समाधान?"

झालं होतं. आयुष्यात माझं कोणी इतकं ऐकलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही.

आता माझं कोपर. यंदा कार्तिकात तू जत्रेला पेडण्याला गेलास दोन दिवस. खोलीची किल्ली माझ्याकडे देऊन म्हणालास, "रोज रूळ पूस, आणि तुजो तो एक थेंब घाल. बटणाक हात लावू नको." तू इंजिन माझ्या हवाली करून जातोस याचाच मला इतका आनंद झाला की वळताना माझं कोपर तेलाच्या बाटलीला लागलं. ती बारक्या तोंडाची, खोक्यातून आलेली बाटली. सगळं तेल वहिनींच्या पसरून ठेवलेल्या कोकमाच्या सोलांवर. सोलं मी गुपचूप गुरांच्या गोठ्यामागे पुरली. म्हणजे तो गुन्हा वेगळा. वहिनींनी महिनाभर माकडांना शिव्या घातल्या.

राहिली रिकामी बाटली. तसलं तेल साखळीच्या बाजारात मिळेना, डिचोलीत मिळेना. शिलाई मशीनचं घेऊन टाकलं असतं तरी चाललं असतं, हे आता कळतं. पण तेव्हा मला वाटलं, वीतभर नाजूक इंजिन, त्याला बाजारचं काळंबेरं कशाला? घरी लाटंबार्शाच्या आमच्या माडांचं, घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल होतं. पाण्यासारखं नितळ. ते मलमलीतून दोनदा गाळलं आणि बाटलीत भरलं. गुणा, खोटं सांगत नाही, कार्तिकात चाकं बोटाने फिरवली तर ती त्या खोबरेलावर इतकी मऊ फिरली की मला वाटलं आपण शोधच लावला. तू परत आलास, एक फेरी मारलीस आणि म्हणालास, "बरी राखलंस रे." मी मान खाली घातली. तुला वाटलं मी लाजलो.

म्हणजे बघ, तू माझं ऐकून सुईने मोजून थेंब घालत राहिलास, तो खोबरेलाचा.

मग मार्गशीर्ष लागला. सकाळी अंगावर चादर ओढावी अशी थंडी पडली. एका सकाळी तू गाऱ्हाणं घातलंस, बटण फिरवलंस आणि पेडणेकरीण नुसती हुं हुं करत जागेवर उभी राहिली. तू फडकं मारलंस, चाकं पुसलीस, तारा तपासल्या. नऊच्या सुमारास तू शंभराच्या बल्बखाली तिला उघडलंस. आत सगळं स्वच्छ, तेल जागच्या जागी. बंद करून रुळावर ठेवलीस तर भुर्रकन पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हुं हुं. तू उघडेपर्यंत ती बरी झालेली असायची. तू चक्रावून गेलास.

"ही थंड मुलखातली बाय," तू म्हणालास, "आणि हिकाच थंडी बाधता?" तू तिला वहिनींच्या शालीत गुंडाळलीस. उन्हात, पापडांच्या शेजारी, सुपात ठेवलीस. पापड पालटायला आलेल्या वहिनींनी इंजिनही पालटलं, असं तूच मला सांगितलंस. आपण किती हसलो! मीसुद्धा हसलो, कारण तोवर मलाही कारण माहीत नव्हतं.

मला कळलं ते पौषात. आंघोळीआधी डोक्याला, म्हणजे डोक्याच्या उरलेल्या भागाला, तेल लावायला बाटली उपडी केली तर तेल पडेना. खोबरेल थिजून पांढरं दगड झालेलं. दर थंडीत थिजतं. कोकणात जन्मलेल्या माणसाला हे जावळ काढल्यापासून माहीत असतं. मी बाटली हातात धरून तसाच न्हाणीघरात उभा राहिलो, अंगावर पंचा, आणि डोळ्यांपुढे पेडणेकरणीची दातेरी चाकं.

त्याच सकाळी तुला सांगायचं ठरवून मी तडक आलो. तू फळीसमोर स्टुलावर बसला होतास. इंजिन उघडं, चार स्क्रू बशीत. तू आपले दोन्ही तळवे उलटे-सुलटे करून बघत होतास.

"मास्तर," तू म्हणालास, "माजे हात गेले."

"म्हणजे?"

"गेले म्हणजे गेले. आवाज ऐकून सांगा होतंय मी, खंयचो टिपर खंय दुखता ता. आता ह्या वीतभर इंजिन माका गावणा नाय. हातांतली कळ गेली."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण दोन वर्षं 'एक थेंब, एक थेंब' म्हणून तुझं डोकं खाल्लेला मी, त्या थेंबातच खोबरेल होतं हे कुठल्या तोंडाने सांगणार? तू आयुष्यभर गावभर सांगत फिरला असतास. मी घाबरलो. आणि घाबरून काय म्हणालो माहीत आहे ना?

म्हणालो, "वय झालं, गुणा. दोघांचंही."

तू मान डोलावलीस. इंजिन बंद केलंस आणि त्यावर कापड टाकलंस. ते कापड मग तू काढलं नाहीस. मी ठरवलं, तू कुठे बाहेर गेलास की गुपचूप साफ करून टाकू, म्हणजे साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. तू बाहेर गेला नाहीस. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला तरी तू खाटेवरच असायचास. आणि मग एका दुपारी, जेवून लवंडलेला तू, उठलाच नाहीस.

डॉक्टर म्हणाले हृदय. मी डॉक्टरांशी वाद घातला नाही. पण गेले वीस दिवस मला तुझे ते उलटे-सुलटे केलेले तळवे दिसतात. लाज वाटते रे मला.

असो. वहिनींनी मुदत दिल्यावर मी कामाला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा इंजिन उघडलं. चार स्क्रूंपैकी एक पहिल्याच मिनिटाला घरंगळला. तो वहिनींनी झाडूने काढून दिला. ज्या झाडूविरुद्ध आपण सहा वर्षं गाऱ्हाणी घातली, त्याच झाडूने. इंजिन उन्हात ठेवून खोबरेल पातळ केलं, काडीला कापूस गुंडाळून एकेक दात पुसला, शेवटी फेणीचा हात फिरवला. रुळाला एक. तुझ्या वाटणीची कोपऱ्यात ओतली, जमिनीवर. मग शिलाई मशीनचं नवं तेल, सुईच्या टोकाने, एक थेंब.

शनिवारी सकाळी सातला थंडी अशी होती की घरातलं खोबरेल दगड झालेलं मी मुद्दाम बघून आलो. पेडणेकरीण रुळावर ठेवली. वहिनी मागे दारात उभ्या. पोदेराचा भोंपू वाजला. बटणावर हात ठेवला, पण फिरवता येईना. गाऱ्हाण्याशिवाय ती गाडी मी कधी सुटलेली बघितली नव्हती.

तू नेहमी म्हणायचास, मास्तर, शाळा सुटली, आता तरी माणसासारखो बोल. म्हणून तुझ्याच बोलीत सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वाटेच्या म्हाराजा! आज ही पेडणेकरीण रुळार उभी आसा. जेचो हात वाकडो पडलो, जेणा गुणाच्या बाटलेत खोबरेल भरला, आणि गुणा माजे हात गेले म्हणालो तेव्हा जो गप ऱ्हवलो, तो हो मास्तर तुज्यासमोर उभो आसा म्हाराजा! गुणाचे हात शेवटपर्यंत बरे होते म्हाराजा! चूक माजी होती म्हाराजा!"

आणि थांबलो. 'व्हय म्हाराजा' दुसऱ्याने म्हणायचं असतं, आपलं आपल्याला म्हणता येत नाही.

"माका म्हायत होता," मागून वहिनी म्हणाल्या.

मी वळलो.

"खोबरेलाचो वास माका पयल्याच दिवशी इलो. मी ह्यांका सांगलंय, इंजिनाक खोबरेलाचो वास येता. ह्यांच्या नाकाक डिझेल सोडून दुसरो वास खंय कळा होतो? म्हणाले, 'गे, तो मास्तराच्या टकलाचो वास. रोज वाकून बघता ना आत.'"

मी हसलो, गुणा. आणि हसता हसता मला रडू आलं, कारण तुला वासाचा पत्ता मिळाला होता, माझं नावही मिळालं होतं, तरी संशय माझ्यावर घ्यायच्या जागी तू तो स्वतःच्या हातांवर घेतलास.

वहिनींनी झाडू भिंतीला टेकवला, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"

मी बटण फिरवलं. पेडणेकरीण एकदा हुं म्हणाली. मग ती हलली, पेडणे स्टेशन सोडलं, बोगद्यात शिरली, बाहेर आली आणि घरघर करत लाटंबार्शाकडे निघाली. सहा वर्षांत पहिल्यांदा बटण माझ्या हातात होतं. काडेपेटी जवळ आली. थांबवता आली असती. नाही थांबवली. उतारू कुठे आहेत?

दुसऱ्या फेरीला मागे बघितलं तर दारात वहिनी नव्हत्या. आत चहाचं भांडं वाजलं आणि शैलाला फोन लावून त्या मोठ्याने सांगत होत्या, की रविवारी माणसां हाडू नको, भाडेकरवाक पडवेची खोली देऊया.

तुझे हात गेले नव्हते, गुणा. एवढंच सांगायचं होतं. माझं बोलून झालं. आता तू बोल.